गोकर्णाचे निळे पाणी आणि थायलंडचे ‘नाम आन्चान’

एप्रिल महिन्यात चिआंग माईला सकाळी नऊ वाजताच अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवणे कठीण होते. दोन वर्षांपूर्वी सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सुमारास आम्ही तिथे एका कुटुंबाच्या घरी पाच दिवस उतरलो होतो. पहिल्याच सकाळी घरमालकीणबाईंनी माझ्या हातात जो पेला ठेवला त्यातले पाणी इतके गडद निळे होते की मला शाळेतल्या शाईच्या दौतीची आठवण झाली. मी पेला नुसताच हातात धरून बसलेली पाहून त्यांनी एक छोटे हिरवे लिंबू कापले, त्याची फोड पेल्यावर धरून पिळली आणि ‘मनाव, मनाव’ असे म्हणत माझ्याकडे बघत राहिल्या. मनाव म्हणजे लिंबू. रसाचे थेंब जिथे पडले तिथून जांभळ्या रंगाचे धागे खाली उतरू लागले, ते एकमेकांत मिसळत गेले, आणि चमच्याने ढवळल्याबरोबर सगळे पाणी पिकलेल्या जांभळाच्या रसासारखे झाले.

ते पाणी कशाचे आहे असे विचारल्यावर त्या मला घरामागच्या कुंपणाजवळ घेऊन गेल्या. तिथे जी वेल होती ती पाहून मी क्षणभर काही बोलू शकले नाही, कारण ती आपली गोकर्ण होती. पुण्यात आमच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर हीच वेल गेली पंधरा वर्षे चढलेली आहे. सासूबाई रोज सकाळी तिची फुले परडीत तोडून देवघरात नेतात, सोमवारी ती शंकराच्या पिंडीवर वाहतात आणि शनिवारी त्यांतलीच काही शनीच्या देवळात नेतात. इतक्या वर्षांत त्या फुलाकडे आमच्यापैकी कोणी खाण्यापिण्याची वस्तू म्हणून पाहिले नव्हते. थायलंडमध्ये मात्र ते स्वयंपाकघरातले फूल आहे, आणि ते कसे वापरायचे हे मी तिथल्या एका गृहिणीकडून शिकले. या पेयाबद्दल सध्या आपल्याकडे बरेच लिहिले जाते आणि विकलेही जाते, पण त्यात रोग बरे करण्याच्या दाव्यांचीच भर अधिक असते; म्हणून जे स्वतः पाहिले, करून पाहिले आणि नंतर वाचून पडताळले, ते नीट लिहून ठेवावे असे वाटले.

या फुलाला थाई भाषेत ‘आन्चान’ म्हणतात. ‘नाम’ म्हणजे पाणी आणि ‘दोक’ म्हणजे फूल, त्यामुळे ‘नाम आन्चान’ किंवा ‘नाम दोक आन्चान’ याचा अर्थ गोकर्णाच्या फुलांचे पाणी एवढाच होतो, आणि त्यात लिंबू पिळले की ते ‘नाम आन्चान मनाव’ होते. बाहेरच्या जगात त्याला निळा चहा म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी चहाच्या झुडपाशी त्याचा काहीही संबंध नाही. त्यात कॅफिन नसते. खुद्द थायलंडमध्ये ते गरम पिण्यापेक्षा बर्फ घालून थंडगारच अधिक प्यायले जाते. बाजारात फिरताना फेरीवाल्यांकडे काचेच्या मोठ्या बरण्यांत रंगीबेरंगी सरबते ओळीने मांडलेली दिसतात, त्यांत गुलाबी अंबाडीच्या बोंडांच्या आणि पिवळ्या शेवंतीच्या पाण्याशेजारी हे निळे पाणी असते. हॉटेलांत आणि मसाजच्या केंद्रांत पाहुण्याच्या स्वागतालाही हेच पेय पुढे केले जाते, पण घरी ते रोजच्या गरजेचे सरबत आहे, जसे आपल्याकडे कोकम.

त्या बाईंना घरातली सगळी मुले ‘पा’ म्हणत. आईपेक्षा वडीलधाऱ्या मावशीला किंवा आत्याला तिथे असे म्हणतात, आणि मीही त्यांना तीच हाक मारू लागले. दुसऱ्या दिवशी पांनी मला शेजारी उभे करून ते पाणी करून दाखवले. त्यांनी वेलीवरून ओंजळभर ताजी फुले तोडली, ती पाण्यात हलक्या हाताने खळबळून घेतली आणि मग प्रत्येक फूल बोटांत धरून त्याच्या देठाशी असलेला हिरवा कप चिमटीने ओढून काढला. आतले पुंकेसर आणि परागही त्यांनी काढून टाकले. हा हिरवा भाग राहिला तर पाण्याला कच्च्या पाल्याचा उग्र वास येतो आणि काहींच्या घशाला तो खवखवतो, असे त्यांनी भाचीकरवी मला समजावले. उरल्या त्या फक्त निळ्या पाकळ्या. दरम्यान चुलीवर पाणी तापत होते, आणि त्यात त्यांनी जे घातले ते पाहून मला दुसऱ्यांदा घर आठवले, कारण तो होता गवती चहा. थाई भाषेत त्याला ‘तख्राय’ म्हणतात. फरक इतकाच की आपण गवती चहाची हिरवी पात तोडून उकळतो, तर तिथे पातीला फारसे महत्त्व नाही. जमिनीलगतचा पांढरट, जाड बुंधा कापून, तो खलबत्त्याच्या दांड्याने ठेचून पाण्यात टाकतात. त्या बुंध्यात पातीपेक्षा गोडसर आणि खोल वास असतो. घरी परतल्यावर मी कुंडीतला गवती चहा मुळाशी कापून हे करून पाहिले आणि तेव्हापासून बुंधा फेकून देणे बंद केले.

गवती चहाचे पाणी उकळून गॅस बंद झाल्यावरच पांनी पाकळ्या आत सोडल्या आणि झाकण ठेवले. पाच मिनिटांनी झाकण उघडले तेव्हा पाकळ्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या पडून वर तरंगत होत्या आणि त्यांचा सगळा रंग पाण्यात उतरला होता. मग गाळणे, थोडी साखर, आणि बर्फाने भरलेला पेला. लिंबू ज्याचे त्याने पिळायचे असते, कारण रंग बदलताना पाहणे हा त्या पेयाचाच एक भाग आहे, आणि त्या घरातली सात वर्षांची मुलगी तो आनंद दुसऱ्या कोणाला घेऊ देत नसे.

चवीबद्दल खरे सांगायचे तर नुसत्या गोकर्णाच्या पाण्याला चव अशी फार नसते. मटाराच्या कोवळ्या शेंगा उकडल्यावर त्या पाण्याला जी मंद, मातकट चव येते, तिच्याशी ती बरीच जुळते, आणि त्यात नवल नाही, कारण गोकर्ण ही मटार, चवळी, वाल यांच्याच कुळातली आहे. तिलाही चपट्या शेंगा येतात आणि तिच्याही मुळांवर हवेतला नत्र जमिनीत बांधणाऱ्या गाठी असतात. म्हणूनच थाई लोक तिला गवती चहा, लिंबू, मध किंवा ‘बाय तोय’च्या पानाची जोड देतात. बाय तोय म्हणजे भाताला सुवास यावा म्हणून काही घरांत जे लांब हिरवे पान टाकतात ते.

रंगासाठी मात्र हे फूल तिथल्या स्वयंपाकात फार खोलवर शिरले आहे. तांदळाचे पीठ, साबुदाण्यासारखे पिठूळ कंदाचे पीठ आणि नारळाचे दूध यांच्या थरांवर थर वाफवून ‘खानोम चान’ नावाची मिठाई करतात. तिचे नऊ थर करणे शुभ मानतात, कारण थाई भाषेत नऊ या संख्येचा उच्चार पुढे पाऊल टाकणे या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. त्यांतले निळे थर आन्चानचे असतात. ‘चो मुआंग’ हा पदार्थ तर आपल्या उकडीच्या मोदकाचा दूरचा नातेवाईक शोभावा असा आहे. तांदळाच्या उकडीत आन्चानचा रस आणि लिंबाचे थेंब घालून तिला जांभळा रंग आणतात, आत सारण भरतात, आणि मग पितळी चिमट्याने बाहेरून एकेक पाकळी चिमटून त्या गोळ्याला फुलाचा आकार देतात. मी ते काम करताना एका स्त्रीला अर्धा तास पाहत उभी होते, आणि मोदकाच्या कळ्या पाडणारे आमच्या आईचे हात मला तिथे दिसत होते. दक्षिण थायलंडमध्ये ‘खाव याम’ नावाच्या पदार्थासाठी भातच या फुलांच्या पाण्यात निळा शिजवतात, आणि सीमेपलीकडे मलेशियाच्या केलांतान राज्यातला ‘नासी केराबू’ हाही तसाच निळा भात आहे.

आणखी एक प्रथा मला फार जवळची वाटली. तान्ह्या बाळाच्या भुवया दाट आणि काळ्याभोर व्हाव्यात म्हणून थाई घरांत आन्चानचे फूल चुरडून त्याचा रस भुवयांवर आणि टाळूवर चोळतात. पांनी त्यांच्या मुलीला असे केले होते आणि नातीलाही केले होते. केसांसाठीच्या तिथल्या शाम्पूंत आणि तेलांत आजही आन्चान असतेच. त्याने भुवया खरोखर दाट होतात की नाही हा प्रश्न वेगळा, पण ‘आन्चान’ हा शब्द कानावर पडताच मला ‘अंजन’ आठवले होते, आणि ही प्रथा ऐकल्यावर आपल्याकडे बाळाच्या डोळ्यांत काजळ घालून कपाळावर तीट लावणाऱ्या आज्या डोळ्यांसमोर आल्या.

रंग बदलण्यामागचे कारण समजून घेतल्यापासून मला हे पेय अधिकच आवडू लागले आहे. रासायनिक फेरामुळे रंग बदलणे आपल्याला मुळीच नवे नाही. हळदीत चुना कालवला की ती लालबुंद होते, आणि कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीवर अल्कलीचा परिणाम होतो. गोकर्णावर आम्लाचाही होतो आणि अल्कलीचाही. तिच्या पाकळ्यांतल्या निळ्या रंगद्रव्यांना ‘टर्नाटिन’ म्हणतात. जांभूळ, कोकम, लाल कोबी यांना रंग देणाऱ्या अँथोसायनिन या गटातलीच ती द्रव्ये आहेत. मग जांभळाचा किंवा कोबीचा रस असा स्वच्छ निळा का राहत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचे उत्तर रेणूच्या रचनेत आहे. टर्नाटिनच्या मधोमध ‘डेल्फिनिडिन’ नावाचा रंग देणारा गाभा असतो आणि त्याला तीन बाजूंनी साखरेचे व सेंद्रिय आम्लांचे लांब हात जोडलेले असतात. हे हात गाभ्यावर दुमडून बसतात आणि पाण्याने त्याचे विघटन होण्यापासून त्याला जपतात. साध्या अँथोसायनिनला हे पांघरूण नसते, त्यामुळे ती आंबट रसात टवटवीत दिसली तरी साध्या पाण्यात लवकर फिकी पडतात. गोकर्णाचे पाणी मात्र उदासीन असतानाही तासन्‌तास निळे राहते.

पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी आंबट) जसा खाली येतो तसा त्या गाभ्याचा विद्युतभार बदलतो आणि तो प्रकाशातल्या वेगळ्या लहरी शोषू लागतो. लिंबाच्या रसाचा सामू साधारण दोन ते तीनच्या दरम्यान असतो, म्हणून चार थेंबांनी पाणी जांभळे होते आणि अर्धे लिंबू पिळले तर गुलाबीकडे झुकते. उलट चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर ते हिरवट होते. बोअरवेलच्या जड पाण्यात केलेला काढा मुळातच किंचित हिरवट निळा दिसतो, हे मी गावी गेल्यावर पाहिले. शाळेत जाणारी मुले घरात असतील तर तीन वाट्यांत हे पाणी घेऊन एकीत लिंबू, एकीत सोडा घालून दाखवावे आणि तिसरी तशीच ठेवावी. आमच्या पुतण्याला आम्ल आणि अल्कली यांतला फरक त्या दिवशी जो समजला तो पुस्तकातून समजला नव्हता.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली या वेलीला जे शास्त्रीय नाव दिले त्यातला ‘टर्नाटिया’ हा शब्द इंडोनेशियातल्या टर्नाटे या बेटावरून आला आहे, आणि टर्नाटिन हे नावही त्यावरूनच. आपल्याकडच्या गोकर्ण या नावाला फुलाचा आकार कारणीभूत आहे; मोठी पाकळी गाईच्या कानासारखी पसरलेली असते. संस्कृत ग्रंथांत ही वेल अपराजिता किंवा गिरिकर्णिका या नावांनी येते, आणि पांढऱ्या व निळ्या अशा तिच्या दोन्ही जातींचा औषधात उपयोग सांगितला आहे. इथे एक घोटाळा मात्र लक्षात ठेवायला हवा. केरळमध्ये शंखपुष्पी म्हणून गोकर्णच ओळखली जाते, तर उत्तर भारतात शंखपुष्पी या नावाने जमिनीवर पसरणारी, लहान फुलांची अगदी वेगळी वनस्पती वापरतात. त्यामुळे ‘शंखपुष्पीने स्मरणशक्ती वाढते’ हे वाक्य वाचून कोणी गोकर्णाची फुले उकळू लागले, तर त्या वाक्यातली वनस्पती कोणती हेच आधी तपासावे लागेल.

इथून मी फायद्यांकडे येते, कारण वाचकांना तेच जाणून घ्यायचे असते, आणि इथेच शब्द जपून वापरायला हवेत. आयुर्वेदात या वेलीचे मूळ आणि बी यांचा वापर प्रामुख्याने सांगितला आहे. स्मरणशक्तीसंबंधी मणिपाल येथील संशोधकांनी २००१ च्या सुमारास जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत मुळांचा अर्क उंदरांच्या पिल्लांना देऊन त्यांची शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता वाढल्याचे दिसले होते. हे संशोधन मोलाचे आहे. पण ते मुळांवरचे आहे आणि उंदरांवरचे आहे. पाकळ्यांचे सरबत पिणाऱ्या माणसाला ते जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही.

फुलांवरच्या संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग, कारण तो माणसांवर केलेला आहे. त्यात पंधरा निरोगी तरुण पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी पेये दिली होती: एकदा ४०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर, आणि पुढे त्याच साखरपाण्यात एक किंवा दोन ग्रॅम आन्चानचा अर्क. अर्क घातलेल्या पेयानंतर रक्तातली साखर आणि इन्सुलिन ही दोन्ही नुसत्या साखरपाण्यानंतर चढली होती त्यापेक्षा कमी चढली, आणि रक्ताची ऑक्सिडीकरणाला विरोध करण्याची क्षमताही वाढलेली आढळली. हा निष्कर्ष आशादायक आहे. तरीही ती माणसे पंधराच होती, निरोगी होती आणि ती मोजमापे काही तासांचीच होती. यावरून मधुमेही व्यक्तीने गोळ्या सोडून निळे पाणी प्यावे असा अर्थ कोणी काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या माहेरी मधुमेह आहे, आणि अशा अर्धवट वाचनाचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत.

मग मी स्वतः हे पेय रोज का पिते? माझे कारण साधे आहे. दुपारी चार वाजता मला दूध-साखरेचा तिसरा चहा लागत असे आणि रात्री झोप उशिरा येत असे. त्या चहाच्या जागी गवती चहा घातलेले गोकर्णाचे पाणी आल्यावर कॅफिन कमी झाले, साखर कमी झाली आणि उन्हाळ्यात पोटात पाणी अधिक जाऊ लागले. झोपेत पडलेला फरक फुलामुळे पडला की चहा सुटल्यामुळे, तर तो चहा सुटल्यामुळेच पडला असे मी मानते. घरातल्या मुलांच्या बाबतीत फायदा आणखी स्पष्ट आहे. वाढदिवसाला बाटलीतली रंगीत पेये आणण्याऐवजी आम्ही आता हेच सरबत करतो, आणि रंग बदलण्याच्या ओढीने मुले ते आवडीने मागून घेतात. कृत्रिम रंगांना पर्याय म्हणून या फुलाचे महत्त्व आता उद्योगांनाही कळले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये गोकर्णाच्या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली आणि मे २०२५ मध्ये त्याच्या वापराची कक्षा वाढवली.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली या सुक्या फुलांना परदेशातले पारंपरिक अन्न म्हणून बाजारात आणण्याच्या प्रस्तावावर सुरक्षेच्या दृष्टीने आक्षेप नोंदवले. त्यामागचे कारण ‘सायक्लोटाइड’ नावाची द्रव्ये हे होते. ही लहान, वर्तुळाकार प्रथिने असतात आणि वनस्पती ती मुख्यतः किडींपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी बनवते. ऑस्ट्रेलियात तर गोकर्णाच्या अर्कापासून कापसावरच्या किडीसाठी फवारणीचे औषध तयार केले आहे. थायलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक हे पाणी पीत आले आहेत हा अनुभव मी हलका लेखत नाही, पण तो अनुभव पेलाभर पाण्याचा आहे, वाटीभर पावडरीचा किंवा तीव्र अर्काच्या कॅप्सूलचा नाही. म्हणून मी दिवसाला एक, फार तर दोन पेल्यांच्या पुढे जात नाही आणि पावडर वापरत नाही. बिया आणि मुळे रेचक आहेत, त्यांना वैद्यांच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये. गरोदर स्त्रियांनी हे पेय टाळावे. प्रयोगशाळेत पाकळ्यांतल्या टर्नाटिनचा रक्तातल्या बिंबिकांच्या (प्लेटलेट्सच्या) एकमेकींना चिकटण्यावर परिणाम दिसलेला असल्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि हारवाल्याकडची फुले कधीही वापरू नयेत, कारण ती पूजेसाठी पिकवलेली असतात आणि त्यांच्यावर काय फवारले आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

परत आल्यावर घरच्या वेलीला पावसाळ्यापर्यंत पुरेशी फुले नव्हती, म्हणून मी सुक्या फुलांचे एक पाकीट ऑनलाइन मागवले. पाकिटावरचे चित्र सुंदर होते. आत हिरव्या देठांसकट वाळवलेली, तपकिरी पडलेली आणि कुबट वासाची फुले निघाली. त्यांचे पाणी राखाडी झाले आणि लिंबाने ते मळकट गुलाबी झाले. त्यात मी ती फुले सवयीने चहासारखी खळखळ उकळली होती, त्यामुळे उरलासुरला रंगही गेला. तेव्हापासून फुले घरीच वाळवते.

त्याची पद्धत सोपी आहे, पण वेळ पाळावी लागते. गोकर्ण सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मलूल होऊ लागते, म्हणून आठ-नऊच्या आत फुले तोडावीत. कप आणि केसर काढून पाकळ्या सुती कापडावर एकमेकींना न चिकटतील अशा पसराव्यात आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवाव्यात. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. दोन-तीन दिवसांत त्या आक्रसून जांभळट काळ्या होतात आणि बोटांत चुरडल्यावर कुरकुरीत तुटतात. एवढ्या वाळल्याशिवाय बरणीत भरू नयेत, कारण पुण्याच्या पावसाळी हवेत किंचित ओल राहिली तरी चार दिवसांत बुरशी धरते. काचेची घट्ट झाकणाची बरणी बंद कपाटात ठेवली की सहा महिने रंग टिकतो. एका पेल्याला, म्हणजे साधारण दोनशे मिलिलिटर पाण्याला, आठ-दहा फुलांच्या पाकळ्या पुरतात. पाणी उकळून खाली उतरवावे, मग त्या टाकाव्यात, पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळावे. मध घालायचा असेल तर पाणी कोमट झाल्यावर घालावा. पेल्यात रंगांचे थर दिसावेत असे वाटत असेल तर आधी तळाशी लिंबूरस घातलेला साखरेचा पाक, त्यावर बर्फ, आणि बर्फावरून हळू धार धरून निळे पाणी ओतावे. पाक जड असल्यामुळे तो खालीच राहतो आणि दोन रंगांच्या मध्ये जांभळी रेघ उभी राहते.

पहिल्यांदा घरच्या फुलांचे पाणी केले तेव्हा सासूबाईंच्या मनात थोडी शंका होती. देवाला वाहण्याचे फूल पोटात कसे घालायचे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो मला अवघड वाटला, कारण त्यामागे त्यांची आयुष्यभराची रीत होती. मी म्हणाले, “आई, वाहिलेलं फूल घेणार नाही. तुम्ही परडी भरून घ्या, मग वेलीवर उरतील तेवढीच मी तोडते.” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तुळस वाहतो तशी खातोही की. आधी देवाची काढून ठेवायची म्हणजे झालं.” तेव्हापासून आमच्याकडे तोच क्रम आहे. पाच फुले परडीत, दोन वेलीवर शेंगांसाठी, आणि बाकीची माझ्या ताटात.

ती शेंगांसाठी ठेवलेली फुले आश्विनात उपयोगी पडतात. शेंग तपकिरी होऊन खडखडली की आतल्या काळपट बिया काढून मी कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवते. त्यांचे कवच टणक असते, म्हणून पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावे लागतात. फुगलेल्या बिया लगेच पेराव्यात, न फुगलेल्यांना सुरीने हलकी चीर द्यावी. गेल्या जून महिन्यात सोसायटीतल्या चार घरांना मी अशा पुड्या दिल्या. त्यांतल्या एका घरी पांढरी फुले आली, जी अर्थातच पाण्याला रंग देत नाहीत. ती सगळीच्या सगळी सासूबाईंनी शंकरासाठी मागून घेतली आहेत.